हाडे मऊ करणारी चोरगाठ

अंबरनाथच्या बुवापाड्यात कोणत्याही गल्लीत जा, कंबर धरून चालणारी एखादी आई, मावशी, आत्या दिसतेच. कोणी पाणी भरून भरून कंबर गेली म्हणते, कोणी बाळंतपणात नीट शेकले नाही म्हणते, कोणी वयावर ढकलते. पुरुषमाणूस असला तर कारखान्यात उभे राहून पाय गेले असे सांगतो. यातली बहुतेक दुखणी खरोखरच साधी असतात. विश्रांती, पोटभर सकस जेवण, डी व्हिटॅमिन, कॅल्शियम यांनी ती आटोक्यात येतात. पण क्वचित एखादे दुखणे असे निघते, की ते गोळ्यांना, इंजेक्शनांना, मालिशीला कशालाच दाद देत नाही. धडधाकट माणूस वर्ष-दोन वर्षांत काठीवर येतो, मग अंथरुणावर. उंची कमी होते. जरासा धक्का लागला तरी बरगडी मोडते. रिपोर्टांची पिशवी जाड होत जाते आणि रिपोर्टावर लिहिलेले असते, कॅल्शियम नॉर्मल, साखर नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. मग घरातले लोक एकमेकांकडे बघू लागतात. सासू म्हणते, सुनेला काम नको म्हणून ही नाटके.

अशा न उलगडणाऱ्या दुखण्यांपैकी एकाची माहिती आज द्यायची आहे. डॉक्टरी भाषेत त्याला ट्यूमर इंड्यूस्ड ऑस्टिओमलेशिया किंवा ऑन्कोजेनिक ऑस्टिओमलेशिया म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट समजायला अवघड नाही. अंगात कुठेतरी एक बारीकशी गाठ असते. ती स्वतः दुखत नाही, भराभर वाढत नाही, बहुधा कॅन्सरचीही नसते. पण ती रक्तात एक रस सोडत राहते आणि त्या रसाने सगळ्या अंगाची हाडे मऊ पडतात. ती गाठ सापडली आणि पुरती निघाली, तर खाटेला खिळलेला माणूस पुन्हा चालू लागतो. हाडांच्या दुखण्यात असे पूर्ण बरे होणे फार थोड्यांच्या नशिबी येते. म्हणूनच हे दुखणे दुर्मिळ असूनही आपल्याला ठाऊक असायला हवे.

आपल्यात बांधकामावर राबणारी माणसे पुष्कळ, म्हणून त्यांच्याच कामातले उदाहरण घेतो. कॉलम उभा करताना आधी सळयांचा सांगाडा बांधतात, मग त्यात काँक्रीट भरतात. हाडाचेही तसेच आहे. आधी प्रथिनांचा सांगाडा तयार होतो, मग त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे क्षार भरले जातात. म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात त्यात सळया आणि काँक्रीट दोन्ही कमी पडतात. त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. ऑस्टिओमलेशियात सळया जागच्या जागी असतात, पण काँक्रीट भरलेलेच नसते. असा कॉलम वाकणार नाही तर काय होणार? लहान मुलांमध्ये हेच घडले तर त्याला मुडदूस म्हणतात. मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकतात. मोठ्यांची हाडे वाढून झालेली असतात, म्हणून ती बाहेरून वाकलेली दिसत नाहीत, आतल्या आत दुखतात आणि तडकतात.

काँक्रीट न भरण्याचे सर्वांत मोठे कारण आपल्याकडे डी व्हिटॅमिनची कमतरता हेच आहे. ऊन भरपूर आहे, पण चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर राबणाऱ्या बाईच्या अंगाला ते लागते किती? त्यामुळे डॉक्टर आधी डी व्हिटॅमिन देतात, ते योग्यच आहे आणि शंभरातल्या बहुतेकांना त्याने बरे वाटते. प्रश्न उरलेल्यांचा आहे.

फॉस्फरसचा जमाखर्च

मी शिकलो कॉमर्स. त्यामुळे हा रोग मला पहिल्यांदा नीट कळला तो कॅशबुकच्या भाषेत. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो. त्यातला सुमारे ८५ टक्के हाडांत आणि दातांत, म्हणजे जणू मुदत ठेवीत. थोडासा रक्तात खेळता असतो. जमेची बाजू पाहिली तर काळजीचे कारण नाही. डाळ, भाकरी, चपाती, दूध, अंडी, मासे, मटण, सगळ्यात फॉस्फरस असतो. म्हणून निव्वळ खाण्यात कमी पडला म्हणून फॉस्फरस घटला, असे सहसा होत नाही. खर्चाच्या बाजूला मूत्रपिंडे बसलेली असतात. ती रक्त गाळतात. गाळताना निघालेल्या फॉस्फरसपैकी ८० ते ९० टक्के परत रक्तात घेतात आणि उरलेला लघवीवाटे सोडून देतात.

किती परत घ्यायचा आणि किती सोडायचा याचा हुकूम देणारे एक संप्रेरक आपल्या हाडांतच तयार होते. त्याचे नाव एफजीएफ २३. निरोगी माणसात ते मोजकेच असते. ही चोरगाठ मात्र हेच संप्रेरक बेसुमार सोडते. मूत्रपिंडांना वाटते वरून आदेश आला आहे, ती फॉस्फरस लघवीत ओतत राहतात. एवढ्यावर थांबत नाही. डी व्हिटॅमिनचे कामाला येणारे रूप मूत्रपिंडात तयार होते, तेही हे संप्रेरक दाबून टाकते. म्हणजे जमा घटली, खर्च वाढला आणि नवी भरती करणारा कारकूनही रजेवर पाठवला. मग हाडांना काँक्रीट मिळणार कोठून? स्नायूंनाही काम करायला फॉस्फरस लागतो. म्हणून अशा रोग्याच्या मांड्या-कंबरेतले बळ जाते, खाली बसले तर उठवत नाही, जिना चढवत नाही, चालताना बदकासारखे डुलावे लागते. विहारात वंदनेला सगळ्या जणी खाली बसतात आणि एखादी भिंतीला टेकून उभीच राहते, ती आळशी म्हणून नव्हे.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. या रोगात रक्तातले कॅल्शियम बहुधा नॉर्मल असते आणि आपल्याकडे हाडे दुखली की कॅल्शियम तपासतात. फॉस्फरस तपासायचा राहून जातो. सगळे नॉर्मल आहे म्हणणाऱ्या फायलीत तपासलेले सगळे नॉर्मल असते. जे तपासलेच नाही त्याचे काय?

हा रोग उलगडायला जगालाही वेळ लागला. १९४७ साली इंग्लंडमधले डॉ. रॉबर्ट मॅकन्स यांनी एका तरुण रोग्याची हकीकत छापली. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास दुखणे सुरू झालेले, हाडे मऊ पडलेली, डी व्हिटॅमिनचे प्रचंड डोस देऊनही पुरता गुण नाही. मांडीच्या हाडातली एक गाठ काढली आणि प्रकृती सुधारली. पण गाठीचा आणि रोगाचा संबंध मॅकन्स यांच्या लक्षात आला नाही. त्यांनी अंगाला डी व्हिटॅमिन लागू पडत नाही, असा अर्थ लावला. हे मॅकन्स म्हणजे अन्नातल्या घटकांचे कोष्टक तयार करणारे नामांकित शास्त्रज्ञ. एवढ्या मोठ्या माणसाला जे समोर असून दिसले नाही, ते आपल्या नाक्यावरच्या दवाखान्यात पहिल्या भेटीत दिसावे अशी अपेक्षा धरणे बरोबर नाही. १९५९ साली स्वित्झर्लंडचे डॉ. आंद्रेआ प्राडर यांच्याकडे अकरा-बारा वर्षांची एक मुलगी आली. तिला मुडदूस झालेला आणि बरगडीत गाठ. गाठ काढल्यावर मुडदूस बरा झाला. मुडदूस आणणारा पदार्थ ही गाठच सोडत असणार, असे प्राडर यांनी प्रथम सांगितले. तो पदार्थ म्हणजे एफजीएफ २३, हे मात्र जपानी संशोधकांनी २००१ साली सिद्ध केले. तर्क आणि पुरावा यांच्यात बेचाळीस वर्षे गेली.

आता आपल्या जवळची गोष्ट. या रोगावर भारतात ज्या थोड्या ठिकाणी खोलवर काम झाले आहे त्यातले एक ठिकाण अंबरनाथहून लोकलने गाठता येते. परळचे केईएम रुग्णालय. मुंबई महापालिकेचे हे रुग्णालय १९२६ पासून गोरगरिबांच्या सेवेत आहे. तिथे एंडोक्रिनॉलॉजी म्हणून एक विभाग आहे, म्हणजे अंतःस्रावी ग्रंथी आणि संप्रेरकांचा विभाग. डॉ. नलिनी शहा, डॉ. तुषार बांदगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चोरगाठीचे अनेक रोगी तपासले आणि त्यांचा अभ्यास परदेशी नियतकालिकांतून मांडला. गाठ शोधण्यासाठी कोणता स्कॅन अधिक उपयोगी, हे त्यांनी तुलना करून दाखवले. जिथे चाकू चालवणे अवघड तिथे सुई घालून रेडिओलहरींच्या उष्णतेने गाठ जाळता येते, याचा अनुभव २०१४ साली प्रसिद्ध केला. डोके, नाक, जबडा या भागातल्या गाठींवर २०१९ साली वेगळा लेख लिहिला. चंदीगड, दिल्ली, वेल्लोर इथल्या मोठ्या रुग्णालयांतही असे काम झाले आहे. पण आपल्याला वेल्लोरला जाण्याची गरज नाही. कर्जत-बदलापूरकडून येणाऱ्या आपल्या लोकांनी परळला उतरावे, जलद गाडीत असल्यास दादरला बदलावे. स्टेशनवरून केईएम चालत जाण्याच्या अंतरावर आहे. न चालवणाऱ्या रोग्यासाठी टॅक्सी करावी, तिथे पैसे वाचवू नयेत.

गाठ शोधणे हे या रोगातले सर्वांत किचकट काम. ती वाटाण्याएवढी असू शकते आणि डोक्यापासून तळपायापर्यंत कोठेही लपू शकते. मांडी, गुडघा, पाऊल, नाकातल्या पोकळ्या, जबडा. हाडात असते किंवा मांसातही. म्हणून साध्या एक्स-रेत, सोनोग्राफीत ती सापडत नाही. एक्स-रेत दिसतात ते तिचे परिणाम. मांडीच्या हाडाचा माथा, माकडहाडाच्या आजूबाजूचा कटिभाग, बरगड्या इथे बारीक चिरा पडलेल्या असतात. त्यांना लूझरच्या चिरा म्हणतात. हाडांच्या स्कॅनमध्ये अशा जागा ठिकठिकाणी चमकतात आणि मग कधी कधी कॅन्सर हाडांत पसरला आहे असा समज होऊन घरावर आभाळ कोसळते. काहींना मणक्याचा टीबी समजून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात, काहींना संधिवाताच्या. काहींच्या मणक्याचे ऑपरेशन होते. डेक्सा नावाच्या तपासणीत हाडे विरळ दिसतात, म्हणून ऑस्टिओपोरोसिसचे इंजेक्शन दिले जाते. ऑस्टिओमलेशिया असताना ते देणे अपायाचे ठरू शकते, कारण त्याने हाडात काँक्रीट भरत नाही, उलट फॉस्फरस आणखी उतरू शकतो. एकदा रोग सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात, कित्येकांची त्याहून जास्त.

आणि काहींना सांगितले जाते, तुमच्या मनाचे दुखणे आहे. या वाक्याने जेवढे नुकसान होते तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. मनाचे आजार खरे असतात, त्यांनाही उपचार लागतात, त्यात कमीपणा नाही. पण हाडे तडकत असताना माणसाला नाटकी ठरवणे वेगळे. त्यातही बाईचे दुखणे घरात सर्वांत शेवटी ऐकले जाते. ती स्वयंपाक उरकून, धुणी उरकून, सगळ्यांना डबे देऊन मग कण्हत बसते, म्हणून कोणाला खरे वाटत नाही. याच सुमारास कोणी शेजारीण भगताचा पत्ता देते. उतारा, अंगारा, कोंबडे. करणी काढून देतो म्हणणाऱ्यांना चाप लावणारा कायदा २०१३ पासून महाराष्ट्रात आहे, पण कायद्याने गेलेली वर्षे परत मिळत नाहीत. बाबासाहेबांच्या लोकांनी तरी हाडांसाठी कोंबडे कापू नये.

तपासणी आणि उपचार

पहिली पायरी स्वस्त आणि साधी आहे. सकाळी उपाशीपोटी रक्तातला फॉस्फरस. रिपोर्टावर त्याला इनऑर्गॅनिक फॉस्फरस किंवा फॉस्फेट म्हणतात. मोठ्या माणसात तो साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असावा. लहान मुलांत तो याहून जास्त असतो, म्हणून मुलांचा आकडा मोठ्यांच्या मापाने वाचू नये. त्याच रक्तातून अल्कलाइन फॉस्फटेज, कॅल्शियम, क्रिएटिनिन, डी व्हिटॅमिन पाहतात. या रोगात फॉस्फरस खाली आणि अल्कलाइन फॉस्फटेज वर, अशी जोडी बहुधा दिसते. अशी जोडी दिसली तर डॉक्टर एकाच वेळी घेतलेल्या रक्त आणि लघवीवरून मूत्रपिंडे फॉस्फरस धरून ठेवतात की गळू देतात याचा हिशेब काढतात. गळती पक्की झाली तरच पुढच्या महागड्या तपासण्या. एफजीएफ २३ ची रक्ततपासणी आणि नंतर गॅलियम डोटाटेट नावाचा पेट स्कॅन. या गाठींच्या अंगावर एक विशिष्ट खूण असते, त्या खुणेला चिकटणारे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात आणि गाठ चित्रात दिव्यासारखी पेटते. जागा कळली की तेवढ्याच भागाचा एमआरआय काढतात.

गाठ सापडली की ती शस्त्रक्रियेने मुळासकट काढायची, आजूबाजूचा थोडा निरोगी भागही घेऊन. तुकडा मागे राहिला तर रोग परततो. पुरती निघाली तर रक्तातला फॉस्फरस काही दिवसांतच, बहुधा आठ-दहा दिवसांत ताळ्यावर येतो. वेदना काही आठवड्यांत हटू लागतात, अंगात बळ येते. हाडे भरून यायला मात्र महिने लागतात, कधी वर्षही. गेलेली उंची परत येत नाही. आपल्याकडे गाठ म्हटले की कॅन्सर आणि कॅन्सर म्हटले की सामान बांधायला घेतात. ही गाठ क्वचितच कॅन्सरची असते. चाकू लागला की पसरते ही समजूत इथे तर आणखीच घातक, कारण इथे चाकू हेच औषध.

गाठ सापडली नाही किंवा काढण्याजोग्या जागी नसली तर औषधांवर निभवावे लागते. फॉस्फेटचे द्रावण किंवा पुड्या दिवसातून चार-पाच वेळा विभागून घ्यायच्या, सोबत कॅल्सिट्रिऑल म्हणजे कामाला येणारे डी व्हिटॅमिन. जूलीचे द्रावण म्हणून फॉस्फेटचे एक स्वस्त औषध आपल्याकडे वापरतात, ते मुडदुसाच्या काही मुलांनाही देतात. पोट बिघडते, म्हणून लोक ते मध्येच सोडतात. सोडू नये, डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्यावी. आणि दर काही महिन्यांनी रक्त-लघवी तपासावी, कारण मात्रा जास्त झाली तर मूत्रपिंडात क्षार साचतात. एफजीएफ २३ ला थेट अडवणारे ब्यूरोसुमॅब नावाचे इंजेक्शन निघाले आहे. अमेरिकेत २०२० साली या रोगासाठी त्याला मंजुरी मिळाली. त्याची किंमत पाहिली तर आपण त्याचे नाव तेवढे लक्षात ठेवावे.

फॉस्फरस कमी निघाला म्हणजे गाठच असेल असेही नाही. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी साठी टेनोफोव्हिर घेणाऱ्यांपैकी काहींची मूत्रपिंडे फॉस्फरस गळू देतात. ते औषध मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते, एआरटी केंद्रात जाऊन सांगावे. रक्त कमी म्हणून सलाइनमधून देतात त्या लोहाच्या इंजेक्शनांपैकी फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे वारंवार घेतल्यानेही फॉस्फरस उतरतो. पित्तावर बाटल्याच्या बाटल्या पिणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे, अ‍ॅल्युमिनियमची पित्तनाशके जेवणातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवतात. शिवाय घराण्यात चालत आलेला फॉस्फरस गळतीचा एक आजार आहे. त्यात लहानपणापासून पाय वाकलेले असतात आणि आई, वडील, भाऊ-बहिणीत तसे कोणी असते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घेतलेल्या औषधांची, इंजेक्शनांची चिठ्ठी आणि घरातल्यांची माहिती न्यावी. उलट बाजूही सांगतो. डी व्हिटॅमिनचे सहा लाख युनिटचे इंजेक्शन गुण येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा टोचून घेणे धोक्याचे आहे. जास्त झालेले डी व्हिटॅमिन रक्तात कॅल्शियम वाढवते आणि मूत्रपिंडे बिघडवते. दोन-तीन महिने नीट उपचार करूनही फरक नसेल तर चौथे इंजेक्शन मागू नका, फॉस्फरस मागा.

आपल्याकडे असे किती लोक असतील? डेन्मार्कमध्ये झालेल्या एका पाहणीत हे प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी निघाले. २०११ च्या जनगणनेत अंबरनाथची लोकसंख्या सुमारे अडीच लाख, उल्हासनगरची पाच लाख, बदलापूरची पावणेदोन लाख. तिन्ही मिळून सव्वानऊ लाखांच्या पुढे, आणि तेव्हापासून वस्ती वाढतच आहे. डेन्मार्कचा आकडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही, तरी कारकुनी अंदाज केला तर या पट्ट्यात असे रोगी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असावेत. म्हणजे आपल्या कंबरदुखीला चोरगाठ समजून कोणी घाबरून जाऊ नये. पण ते चार-पाच जण आज कोणत्या खोलीत, कोणत्या नावाच्या रोगाखाली झोपून आहेत, हे कोणाला माहीत आहे?

तेव्हा घरात किंवा शेजारी कोणाचे अंग सहा महिन्यांहून जास्त दुखत असेल, खाली बसून उठता येत नसेल, पडल्याशिवाय हाड मोडले असेल, डी व्हिटॅमिन भरून निघाल्याचा रिपोर्ट असूनही फरक नसेल, तर उपाशीपोटी फॉस्फरस तपासून घ्यावा. साध्या लॅबमध्ये होतो. कमी आला तर अंबरनाथच्या छाया रुग्णालयातून किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयातून केईएमसाठी चिठ्ठी मागावी. केईएममध्ये केसपेपर काढून एंडोक्रिनॉलॉजीची ओपीडी कोणत्या वारी आहे ते खिडकीवर विचारावे, सगळ्या विभागांची ओपीडी रोज नसते. रेशनकार्ड, आधारकार्ड जवळ ठेवावे आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता खर्च बसतो ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. स्कॅनचा खर्च योजनेबाहेर गेला तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटावे, ट्रस्टांकडे अर्ज करायला ते मदत करतात.

जुने एक्स-रे रद्दीत देऊ नका, तारखेप्रमाणे लावून ठेवा. कुठेही लहानशी गाठ असेल, तळपायाला, हिरडीला, मांडीला, दुखत नसली तरी, कितीही वर्षांची असली तरी, ती डॉक्टरांना कपडा बाजूला करून दाखवा. आणि रोग्याबरोबर बोलणारे एक माणूस घरातून जाऊ द्या. दुखणे कधी सुरू झाले, आधी काय जमत होते आणि आता काय जमत नाही, हे कागदावर लिहून न्यावे. ओपीडीत आपला नंबर येतो तेव्हा बोलायला मिनिटे थोडी असतात.